हरकत

“मग सांग ऑडेट, काय काय वाईट आहे घरात?” हॉलिसनं पेनचं टोपण काढलं.

गावकचेरीतल्या लांब टेबलापलीकडे हॉलिस धरून तिघं बसले होते. घरांच्या किमती ठरवायला गावानंच निवडून दिलेले. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या त्या उत्तर टोकाच्या गावात बारा वर्षांनी फेरआकारणी झाली होती आणि ऑडेटच्या घरापुढचा आकडा दुपटीच्या वर गेला होता, म्हणून तिनं हरकत घेतली होती. त्या आकड्याची घरपट्टी नवराबायकोच्या पेन्शनला झेपणारी नव्हती. आकडा उतरला नाही, तर पुढच्या वर्षी घर विकायला काढायचं, हे ठरलेलंच होतं.

तिनं हातातला कागद उलगडला. रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या बाकावर बसूनच तिनं तो लिहिला होता. खोटं एक अक्षर नको म्हणून.

मागे भिंतीशी तिचा नवरा लिओनेल बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. तू येऊ नकोस, असं तिनं त्याला दोनदा सांगितलं होतं. पण घर त्यानं बांधलेलं, पायाच्या दगडापासून छपरापर्यंत, स्वतःच्या हातांनी. निदान कानाचं यंत्र तरी तो घरी विसरेल, अशी तिला आशा होती. एरवी विसरायचाच.

“उत्तरेच्या खिडकीतून वारा येतो,” तिनं वाचलं. “जानेवारीत तिच्या फटीत मी टॉवेल कोंबून ठेवते.”

हॉलिसनं लिहून घेतलं.

“स्वयंपाकघराची जमीन उतरती आहे. शेगडीकडे. वाटाणा पडला की तिकडेच जातो.”

“तुझ्याकडे एवढ्या वेळा केक खाल्ला मी. मला नाही कधी जाणवलं.”

“तू बशीकडे बघत होतास.”

बाकीचे दोघं हसले. ऑडेटनं मागे वळून पाहिलं नाही. तिचा आवाज आणखी खाली आला.

“बर्फ वितळायला लागलं की तळघरात पाणी येतं. आणि बाथरूमची कडी बसत नाही. दाराला पाय लावून बसावं लागतं.”

“कधीपासून?”

तिनं कागदावर नजर फिरवली. ते कागदावर नव्हतं.

“राहायला गेलो तेव्हापासून.”

“सेहेचाळीस वर्षं?” हॉलिसनं तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. “काय रे लिओनेल, आणि स्वतःला सुतार म्हणवतोस?”

लिओनेल टोपीच्या आतली शिवण चाचपत होता. त्यानं मान वर केली नाही. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. यंत्र कानातच होतं.

“शुक्रवारी येऊन बघून जातो,” हॉलिसनं कागद एकावर एक लावले. “तू म्हणतेस तसं असेल, तर उतरेल आकडा. तोवर कशाला हात लावू नका.”

परतताना गाडीनं पूल ओलांडल्यावर लिओनेल म्हणाला, “मला कधी नाही सांगितलंस.”

“सांगणार होते. पहिल्याच हिवाळ्यात. तू येईल त्याला घर दाखवत फिरत होतास. मग राहूनच गेलं.”

“त्यांना सांगितलंस.”

“त्यांनी विचारलं.”

रात्री सूप अर्धं टाकून तो उठला.

बुधवारी सकाळी ठोकण्याच्या आवाजानं तिला जाग आली. ती बाथरूममध्ये गेली. दार लावलं, तर कडी खट्‌ करून बसली. तिनं कडी काढून पुन्हा एकदा लावून पाहिली. स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या फळ्या उचकटून भिंतीला टेकवल्या होत्या. खालच्या तुळईला टेकू देणारा जॅक भोकातून दिसत होता.

लिओनेल बाहेर होता. उत्तरेच्या खिडकीशी, शिडीवर. वय एकोणऐंशी, आणि डॉक्टरांनी शिडी बंद केल्याला दोन वर्षं झाली होती. खिडकीची चौकट त्यानं पार उघडी केली होती.

“लिओनेल, परवा माणसं यायची आहेत,” ती दारातूनच म्हणाली.

“माहीत आहे.”

“दोन दिवस थांबलास तर काय बिघडतं? मग कर की वर्षभर.”

“वाटाणा शेगडीकडे जातो म्हणे.” तो चौकटीलाच सांगत असल्यासारखा बोलला.

“अरे, त्यांना इथे काहीच सापडलं नाही, तर घर राहणार नाही आपलं.”

त्यानं तोंडातला खिळा काढून हातात घेतला. तो ठोकायचा की परत खिशात टाकायचा, हे ठरत नसल्यासारखा थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

“हा हिवाळा तर आहे ना आपला,” तो म्हणाला. “टॉवेल लागणार नाही तुला.”

आणि त्यानं खिळा ठोकला.

प्रत्येक घावाला शिडी हलत होती. तिचा एक पाय मऊ मातीत रुतत चालला होता. ऑडेट घरातल्या सपाता घालूनच ओल्या गवतातून गेली आणि तिनं शिडी दोन्ही हातांनी धरली. चौकटीत घातलेल्या नव्या लाकडाचा वास येत होता.

पुष्कळ खिळे झाले. तो पुढचा खिळा शोधायला थांबला, तेव्हा ती खालून म्हणाली,

“जिन्याची वरून तिसरी पायरी करकरते. ते त्यांना नाही सांगितलं मी.”