आडोशाची खाडी

“बाबा, जिथे ओळखीचं काळं कुत्रंही फिरकणार नाही, असा किनारा कुठे आहे?”

हा प्रश्न घरात विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती. अर्गिरोला मात्र उत्तर खरंच हवं होतं; तिने तो भर जेवणात, आईसमोरच विचारला.

हानिया गावच्या बंदरात मासेमारी करत जन्म काढलेल्या बाबांनी ऑलिव्हची बी ताटाच्या कडेला ठेवली आणि सवयीने विचारलं, “वारा कुठला?”

“उत्तरेचा.”

“मग जुन्या चुनाभट्टीमागची खाडी. पाणी कमरेइतकं, लाट म्हणून नाही. वरच्या रस्त्यावरून कुणाला दिसतसुद्धा नाही.”

एवढं सगळं सांगून झाल्यावर बाबांचा घास हातातच थांबला. “पण तुला कशाला?”

“वा, मनूसोस, वा!” आई बाबांवर कडाडली. “आधी मुलीला पत्ता दे, वाराही बघून दे, आणि मग चौकशी कर! कोण आहे गं तो? बेकरीवाल्याचा लंबू पोरगा ना?”

“त्याला तर बोटीवर चढलं तरी मळमळतं,” बाबा हताशपणे म्हणाले.

“तू गप्प बस! अर्गिरो, मुकाट्यानं सांग, कुणाबरोबर जायचंय?”

अर्गिरोने पावाचा तुकडा रश्शात नीट बुडवला, खाल्ला आणि तोंड पुसलं.



“तुझ्याबरोबर, आई. दर उन्हाळ्यात तू काठावर बसून आमचे कपडे राखतेस. उद्यापासून मी तुला पोहायला शिकवणार आहे, आणि तिथे हसायला कुणीही नसेल.”