पडद्याची फट

"मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं. तुझ्या लग्नात मी तुळशीपाशीच बसले होते," आईनं पुन्हा बजावलं. लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि अनघाला ते डोळे भरून बघायचं होतं. वाद नको म्हणून ती लॅपटॉपकडे वळली.

तिथे तिच्याच लग्नाचा, ऐन अक्षतांच्या क्षणाचा, स्कॅन केलेला काळवंडलेला फोटो होता. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून घडवलेलं आणि फुकट वाटलेलं, फोटो सुधारायचं गिम्प नावाचं सॉफ्टवेअर लेकीनं शिकवलं होतं. अनघानं त्यातली उजेडाची पट्टी सरकवली, तसा मागचा अंधार उजळू लागला. खांब दिसला, मग पडदा. पडद्याच्या फटीत हे काय चमकतंय? तिनं फोटो मोठा केला, पट्टी आणखी सरकवली.

नथ! नथीच्या वर टक लावून बघणारा आईचा डोळा.

अनघानं लॅपटॉप आईपुढे सरकवला. चष्मा सावरत आईनं त्या फटीवर बोट ठेवलं.

"पुसता येतं का गं हे?"

"येतं. पुसू?"

"राहू दे." आईनं आवाज खाली आणला. "तू मात्र खांबामागे उभी राहा. पडद्याआडून नीट दिसत नाही."