दर रविवारचं काम

"बाथरूमची कडी कोणी काढली?" शेवंतीने विचारलं.

"सैल झाली होती, आई. नवीन आणतो," नितेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

कडी सैल नव्हती. रोज लावणाऱ्या बाईला एवढं कळत नाही होय? नवीन कडी काही आली नाही. आता ती आत गेली की सून अक्षता बाहेरून हाक मारायची, "आई, झालं का?"

गणपती गेले आणि घरातलं वारंच फिरलं. आधी सुनेने पाण्याची बादली हातातून घेतली. मग कणकेची परात घेतली. "तुम्ही बसा ना आई, मी करते." शेवंतीला दिवसभर बसून राहायचा कंटाळा यायचा. स्वयंपाकघर गेलं, आता पुढे काय जाणार ते तिला दिसत होतं.

जोगेश्वरीची ही खोली तिच्या नावावर होती. तिच्या आईकडून तिला आलेली. मागच्या महिन्यात नितेशने तिचं आधार कार्ड मागून नेलं, कशाला ते धड सांगितलं नाही. दशरथला विचारलं, तर तो म्हणाला, "अगो, सरकारी काम असता. पोरगो करता ना, करूक दे." आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवरा खोटं बोलताना पाठ फिरवतो हे तिला ठाऊक होतं.

शेजारच्या रुक्मिणीला तिने हे सगळं सांगितलं. रुक्मिणीने दाराकडे बघून आवाज खाली केला. "तुझी सून तुका सकाळ-संध्याकाळ गोळी देता, ती कसली गो?"

"पित्ताची. बाजारात चक्कर इली होती ना, तेव्हापासून."

"पित्ताच्या गोळीक इतको पहारो? मी बघलंय, तू गिळीसर ती उभी असता. सांभाळून ऱ्हव, बाय."

त्या संध्याकाळी शेवंतीने गोळी जिभेखाली धरली आणि अक्षता वळताच खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत टाकली. दुसऱ्या दिवशीही टाकली. पुढे तो नेमच झाला.

राहता राहिला रविवार. दुपारची जेवणं झाली की दशरथ इस्त्रीचा सदरा घालून वाकोल्याला काशीरामकडे भजनाला जायचा. नितेशला ड्युटी असायची. अक्षता पार्लरला जायची. तिघं वेगवेगळे निघत आणि संध्याकाळी मागेपुढे परतत. भजनाला गेलेला दशरथ गुडघ्यांना बाम चोळत बसायचा. पार्लरला गेलेली अक्षता मनगट दाबत असायची. एकमेकांकडे कोणी बघायचं नाही.

एके दिवशी काशीरामचाच फोन आला. "वहिनी, दशरथ बरो असा मां? कित्येक दिवसांत इलो नाय भजनाक."

"बरे असत," शेवंती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी दशरथ निघाला तशी तीही चप्पल घालून निघाली. तो बसमध्ये चढला. तिने रिक्षा थांबवली. "त्या बसच्या मागे ने रे बाबा."

दिंडोशीला दशरथ उतरला आणि एका शाळेच्या फाटकातून आत गेला. आवारात नितेशची बाइक उभी होती. शेवंतीच्या कानशिलात रक्त चढलं. म्हणजे माझ्या खोलीचा सौदा इथे चाललाय तर. आणि मला गावाला कणकवलीला पाठवायचं!

जिना चढताना रागाने तिला धाप लागली. मध्ये एकदा थांबून कठडा धरावा लागला. काय काय सुनवायचं ते तिने तिथेच उभं राहून ठरवलं आणि हॉलचं दार ढकललं.

आत बरीच माणसं होती. जमिनीवर चटया आणि चटयांवर कमरेपर्यंतचे रबरी बाहुले. एका बाहुल्याशी दशरथ गुडघे टेकून बसला होता. हात ताठ करून तो बाहुल्याच्या छातीवर जोरजोरात दाबत होता. अक्षता शेजारी बसून आकडे मोजत होती. नितेश कानाला मोबाइल लावून उगाचच ओरडत होता, "हॅलो, अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा, पत्ता लिहून घ्या!"

शेवंती बघतच राहिली. कुठे एजंट नाही, कुठे सौदा नाही. तिला एकदम हसू फुटलं. त्या वयात नवऱ्याची ती कसरत! तोंडाला पदर लावून ती मागच्या रांगेत माणसांच्या आड उभी राहिली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. किती वाईट वाईट विचार केले आपण या पोरांबद्दल.

शिकवणारी दीप्ती नावाची मुलगी तिच्याजवळ आली. "काकू, नवीन आलात का? बसा ना. घाबरू नका, कोणालाही जमतं. एखाद्याचं हृदय बंद पडलं तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, तेवढंच शिकवतो आम्ही."

"मी नुसतीच बघायला आले," शेवंती म्हणाली.

"मग त्या काकांना बघा. पहिल्या दिवशी हात कापत होते त्यांचे. सोबत मुलगा आणि सून. एक रविवार चुकवला नाही तिघांनी. घरी पेशंट आहे हो. हार्ट खूपच कमजोर, कधीही बंद पडू शकतं."

शेवंतीचं हसू गेलं. तिने नितेशकडे पाहिलं. हल्ली चेहरा उतरलाच होता त्याचा. मग दशरथकडे पाहिलं. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"कोण?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "त्यांच्यातलं कोण आजारी आहे?"

"या तिघांना काही नाही हो," दीप्ती हळू आवाजात म्हणाली. "पेशंट घरी असतो. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत धसका घेऊ नये, म्हणून सांगितलेलंच नाही अजून."

शेवंतीने पुन्हा एकदा त्या तिघांकडे पाहिलं. तिच्या घरात माणसं चारच होती.