पांढरं फडकं

इवाओंनी टेबलावर मूठ आपटली. कोणी दचकलं नाही. वाटाड्यांच्या त्या खोलीत शेगडीवरच्या किटलीची वाफ निघत होती तशीच निघत राहिली, आणि सहा माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही.

"पुन्हा बोल," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललीस ना? मग पुन्हा बोल."

चिनात्सु उभीच होती. नऊ वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे शिकायला आली, तेव्हा तिला बर्फात फावडंसुद्धा नीट धरता येत नव्हतं. इथले सगळेच इवाओंना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत.

"आजपासून सशाच्या पाठीवरची तपासणी सेन्सेईंनी करू नये," ती म्हणाली. "आणि आज पहाटे त्यांनी केलीय, ती धरू नये."

सशाची पाठ म्हणजे गावाच्या डोक्यावरचा मोठा उतार. शिखराकडे जाणारी हिवाळी वाट त्याच्यावरूनच जाते. गेली एकेचाळीस वर्षं इवाओ रोज पहाटे तिथला बर्फ तपासत आणि खाली येऊन देवळाच्या कमानीवर फडकं लावत. पांढरं म्हणजे जा. लाल म्हणजे आज नाही. पूर्वी ते फडकं खांबाला गाठ मारून बांधत. यंदा बायकोने घरूनच फास मारून दिलेलं फडकं खिळ्याला नुसतं अडकवत. "थंडी फार आहे, बोटं आखडतात," म्हणत. त्यांचं पांढरं फडकं बघून गेलेला एकही माणूस आजवर हिमस्खलनात सापडला नव्हता. आत्ताही विद्यापीठाची आठ मुलं बुटांना काटे बांधून कमानीपाशी थांबली होती. पांढरं फडकं लागलं की ती निघणार होती.

शेगडीजवळ बसलेला कुनिओ हसला. "हिचं काय ऐकता, सेन्सेई? या मोसमात हिने पाच वेळा बरोबर नेलेली माणसं अर्ध्या वाटेवरून परत आणली. कधी पोट दुखलं, कधी बूट चावला. सशाच्या पाठीवर सशाचं काळीज!"

एरवी या विनोदावर सगळ्यात मोठ्याने इवाओच हसत. आज त्यांना हसू आलं नाही. परक्या माणसाने असं काही म्हटलं असतं तर ते चहा पीत बसले असते. पण ही त्यांच्या घरी जेवलेली, त्यांच्या चुलीशी मोजे वाळवलेली पोर. गडाचा दरवाजा आतल्याच माणसाने उघडून द्यावा, तसं त्यांना वाटलं.

"चल," ते म्हणाले. त्यांनी फावडं डाव्या खांद्यावर टाकलं. "बर्फालाच विचारू. पोरांना म्हणावं, थांबा."

तासाभराने दोघं उताराच्या कडेला, झाडांपाशी पोचले. चिनात्सुने खड्डा खणला. खड्ड्याच्या भिंतीतून तिने बर्फाचे दोन खांब शेजारी शेजारी कापून मोकळे केले. दोन्ही फावड्याच्या पात्याएवढे रुंद, कमरेएवढे उंच. तीस थापांच्या आत खांब घसरला तर उतारही घसरू शकतो, असा हिशेब.

इवाओंनी पहिल्या खांबावर पातं ठेवलं आणि त्यावर थापा मोजू लागले. मनगटातून दहा. कोपरातून दहा. खांद्यातून दहा. तीस झाल्या. बर्फ जागचा हलला नाही.

"दगड आहे, दगड," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "तुला माझी जागा हवी होती तर मागायची होतीस, पोरी. मी दिली असती. चारचौघांत असं करायची काय गरज होती?"

चिनात्सुने पातं उचलून दुसऱ्या खांबावर ठेवलं. मनगटातून दहा. कोपरातून एक. दोन. तिसऱ्या थापेला खांबाचा वरचा अर्धा भाग साखरेसारख्या दाण्यांच्या थरावरून सर्रकन घसरला आणि तिच्या गुडघ्यांवर येऊन फुटला.

"जोरात मारलंस," इवाओ म्हणाले. "स्वतःचं खरं करायला जोरात मारलंस!"

"मारलं नाही, सेन्सेई. तुम्हीच शिकवलंत. मारायचं नसतं, हात उचलून नुसता सोडायचा असतो. हाताचं वजन खोटं बोलत नाही."

"मग माझ्या हाताला..." ते थांबले.

"माझं पोट कधीच दुखलं नव्हतं," चिनात्सु म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "तुम्ही पांढरं लावलंत की मी वाटेत थांबून पुन्हा तपासायची. पाच वेळा हे असंच झालं. माझ्या माणसांना मी काहीतरी सांगून परत आणलं. पण ही आठ पोरं एकटी जाणार होती. त्यांना मी कुठलं पोट सांगू?"

इवाओंनी उजव्या हातातला हातमोजा काढला. डावा तळहात समोर धरला. मग त्यांनी उजवा हात खांद्यापासून वर नेला आणि नऊ वर्षं तिला शिकवला होता तसा सोडून दिला. तो डाव्या तळहातावर आला. रिकामा हातमोजा पडावा तसा आला.

खालून मुलांनी शिट्टी वाजवली. निघायचं का, असं विचारणारी.

इवाओंनी डाव्या हाताने कोटातून दोन्ही फडकी काढली. पांढऱ्याला फास मारलेला होता. लाल नुसतंच घडी घातलेलं होतं. त्यांनी ती घडी चिनात्सुपुढे धरली.

"खाली जाऊन हे तूच बांध," ते म्हणाले. "मला गाठ मारता येत नाही. पहिला बर्फ पडायच्या आधीपासून."