डबा तापवायची जागा

सर हातात जेवणाचा डबा घेऊन उभे होते आणि तो ठेवायला त्यांना जागा सापडत नव्हती.

प्रयोगशाळेत टेबलं ढीगभर होती. पण सरांची नजर कोपऱ्यात होती. तिथं पूर्वी कपाटाएवढं लेझरचं धूड असायचं. खायचं हत्तीएवढी वीज, द्यायचं मुंगीएवढा उजेड. बाकी सगळी उष्णता. त्या उष्णतेनं विज्ञान फारसं पुढं सरकलं नाही, पण त्या धुडाच्या पाठीवर सगळ्यांचे डबे रोज तापत. आपसात अबोला असला तरी जेवायला तिथंच यावं लागे. गरम कोपरा एकच होता.

ते भंगारात गेलं, असं प्रमुखबाईंनी जरा दबकतच सांगितलं. बाई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. निवृत्त सरांना आज त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. चिपवरच कोरलेला, केसाच्या टोकावर डझनभर मावतील एवढा लेझर त्यांनी अखेर पेटवला होता. उजेड डोळ्यांना न दिसणारा. पडद्यावर तेवढा एक पांढरा ठिपका. जगानं वाखाणलं होतं. सरांनी मात्र बाईंच्या कुठल्याही कामाला आजवर ‘बघू’च्या पुढं काही म्हटलं नव्हतं.

शेजाऱ्यांच्या लग्नाचा अल्बम पाहावा तसे सरांनी सगळे आलेख पाहिले.

“तापत नाही म्हणतेस?”

“जवळजवळ नाहीच, सर.”

“बघू,” म्हणत सरांनी डबा थेट चिपच्या धातूच्या पेटीवर ठेवला.

त्या खोलीत पाण्याची बाटली आणायलाही बाईंनीच बंदी घातली होती. पण सरांना ‘डबा उचला’ म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

मग गप्पा निघाल्या. दुसऱ्याचा डबा ‘चुकून’ उघडणारा एकजण परदेशात गेला, तिथंही चुकतच असेल. आरसे पुसणारे काका, सगळ्यांचे डबे आलटूनपालटून मधोमध सरकवणारे, ते गेले. बाई बोलत होत्या, पण डोळा ठिपक्यावर होता. डबा ठेवूनही ठिपका हलला नाही.

सरांनी खूण केली. बाई उठल्या, रुमालाची चौपदरी घडी केली आणि त्या घडीनं धरून डबा उचलला. सरांनी रुमालाकडं पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

सरांनी झाकण काढून भाजीला बोट लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

“गारढोण,” ते म्हणाले. “जमलंय गं तुला.”

बाईंनी दोन खुर्च्या ओढल्या. टेबलं सोडून, रिकाम्या कोपऱ्यात नेऊन मांडल्या, आणि दोघं तिथं बसून गार जेवली.