बांबूवरची सुतळी

साहेबांनी बांबूवरच्या सुतळीवर बोट ठेवलं, तसं ड्रिलमास्तर शेषरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बांबूउडीच्या सामन्याला प्रत्येक हायस्कुलाचा बांबू तपासूनच मैदानात सोडायचा, असा नागपूरहून आलेल्या या साहेबांचा शिरस्ता होता.

“ही कशाला गुंडाळली?”

“घामानं हात घसरते साहेब पोराचा,” मास्तर चाचरत म्हणाले. “नियमात बसत नसन तर बाद करा. आमची काही तक्रार नाही.”

साहेब नियमांचं पुस्तक चाळू लागले. मास्तरांनी मनातल्या मनात बालाजीचा धावा मांडला.

“पकडीसाठी असेल तर चालतं,” साहेब हसले. “घाबरता काय मास्तर? घेऊ द्या उडी.”

पुंजाजीनं तळहातांना माती चोळली आणि नेमकी सुतळीवर मूठ आवळली. “बेस बसला हात. तुम्ही काऊन थरथरून राह्यले, मास्तर?”

सकाळी उतरवताना शाळेच्या एकुलत्या एक बांबूवरून बैलगाडीचं चाक गेलं होतं. वीतभर चीर पडली होती, आणि हेडमास्तरांच्या धाकानं मास्तरांनी ती सुतळीखाली झाकली होती. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा पुंजाजी धावत सुटला होता.