आधी गोळी, मग रुसवा

पत्रावळीवर वरण पडलं आणि नवरदेवाचे मामा उठले.

कारण साधं होतं. साखरपुड्यातला टोपी-टॉवेलचा मान आधी नवरदेवाच्या काकांना मिळाला, सूर्यभानमामांना नंतर. मामा अंगणातल्या लिंबाखाली गेले आणि पंगतीकडे पाठ करून दगडावर बसले. त्या दगडाला रुसलेल्या पाहुण्यांची सवय होती.

मामा रुसले की पंगत थांबते. गंगाखेडहून आलेले पाहुणे आणि बोरीतले भाऊबंद, अशी चाळीस माणसं मांडीवर हात ठेवून आपापल्या वरणाकडं बघत बसली.

मुलीच्या बापाला, मुंजाजीला, मात्र थांबण्याची सोय नव्हती. "पानं मांडली" ही हाक ऐकून त्यानं रांजणाआड जाऊन साखरेच्या आजाराची गोळी घेतली होती. नव्वद साल लागलं होतं, तरी एका गोळीत दोन औषधं ही बोरीत नवलाईच. "दोन बैल एका जुवाला जुंपलेत," परभणीच्या डॉक्टरनं बजावलं होतं. "गोळीमागं घास गेलाच पाहिजे. घाम सुटला, हात थरथरले, की लगेच साखर तोंडात."

ठरलं असं होतं, की कस्तुराबाईनं नवऱ्याला चुलीमागं गुपचूप अर्धी भाकर द्यायची. पण मामा उपाशी असताना मुलीचा बाप खाताना दिसला, तर सोयरीक त्याच चुलीत. का खातोय हे सांगितलं, तरी तिथंच. बापाला साखर म्हणजे उद्या पोरीलाही, असं म्हणायला पाहुण्यांना वेळ लागत नाही.

खिशात साखरेची पुडी असायची. ती कस्तुराबाईनं सकाळीच काढून घेतली होती. "व्याह्यांच्या गळ्यात पडायचंय, आन् कोटावरून मुंग्या चालायल्यात. बरं दिसतंय का?"

मुंजाजी लिंबाखाली गेला. हात जोडून मामांच्या समोर उभा राहिला.

"मामा, चुकलं. उठा की. वरण निवायलंय."

"आमी वरणासाठी आलाव का?"

"तसं न्हाई. मान तुमचाच हाय."

"मग आधी त्याला कसा दिला?"

"ते दाराजवळ बसले होते."

"मान देताना दार बघायचं नसतंय. नातं बघायचं असतंय."

अशी पंधरा मिनिटं गेली. मुंजाजीचे जोडलेले हात थरथरू लागले. कपाळावरचा घाम मिशीत उतरला. पंगत हळहळली, "भेलंय बिचारं." मग मामांचाही गुडघा उडू लागला आणि टोपीची कड भिजली. पंगत सावरून बसली. "मामा लय तापलेत," काका म्हणाले. दोन माणसं समोरासमोर थरथरत होती आणि शब्द एक नव्हता. बोरीत एवढं मोठं भांडण कुणी पाहिलं नव्हतं.

"पाया पडू का?" मुंजाजी म्हणाला आणि लिंबाच्या पाया पडला.

"उठा, उठा," मामा लिंबाला म्हणाले.

नवरी, मुंजाजीची अंबिका, चौरंगापाशी बसली होती. ओटीत नारळ, पुढ्यातल्या ताटात लाल कागदाचा, जरीच्या दोऱ्याचा साखरेचा पुडा. दोन चाळीसच्या मुहूर्तावर नवरदेवाकडच्यांनी तो तिच्या ओटीत घालायचा, की लग्न पक्कं. तोवर पुडा त्यांचा. डॉक्टरचा कागद बापाला रोज तीच वाचून दाखवायची. तिनं लिंबाकडं पाहिलं. पुडा उचलला, दोन पंगतींच्या मधून चालत गेली आणि दातानं कागद फाडला.

"पुडा फाडला!" कुणीतरी ओरडलं.

"बाई, अजून अकरा मिनिटं हायत," गुरुजी म्हणाले.

"आबा, तोंड उघडा." तिनं मूठभर साखर बापाच्या तोंडात घातली आणि पंगतीकडं वळली. "यांना साखरेचा आजार हाय. गोळी घेतली आन् पोटात घास न्हाई. आता मोडायची तर मोडा सोयरीक."

काका उठले. खाकरले. सोयरीक मोडण्याआधी खाकरायची रीत आहे. एवढ्यात लिंबाखालून एक हात पुढं आला. उघडा तळवा, लटलट कापणारा.

"पोरी," सूर्यभानमामा म्हणाले, "इकडंबी टाक जरा."

काका खाली बसले.

तोंडातली साखर विरघळल्यावर मुंजाजीनं विचारलं, "तुमालाबी?"

"दोन साल झाले."

"आन् गोळी?"

"पानं मांडली तवाच घेतली."

"मग रुसले कायला?"

मामांनी तळवा चाटला. "मान मागून आठवला."

पुडा संपला. गुरुजींनी मुहूर्तासाठी घरातली दुसरी साखर मागितली. "आमच्या घरात पुडीपुरतीच साखर येती, आन् ती पुडी मुंग्यांनी नेली," कस्तुराबाई म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मामा उठले. मुंजाजीचा हात धरून त्याला पंगतीला घेऊन आले आणि शेजारच्या पानावर बसवलं. मुलीचा बाप पहिल्या पंगतीला, हे बोरीत कधी झालं नव्हतं. पण हरकत घ्यायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. वरण गार झालं होतं. तेच सगळ्यांनी कालवलं.

पहिला घास घेण्याआधी, सवयीनं, दोघांचेही हात खिशात गेले. दोन पट्ट्या बाहेर आल्या. एकच गोळी, एकच रंग.

"घेतलीय दोघांनीबी," अंबिका डोक्यावर उभी राहून म्हणाली. "परत न्हाई घ्यायची. जेवा."

तिनं दोन्ही पट्ट्या काढून घेतल्या. ठेवायला जागा नव्हती, म्हणून ओटीत ठेवल्या. नारळाशेजारी.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. दोन चाळीस. त्यांनी ओटीकडं एकदा नीट बघितलं आणि अक्षता टाकल्या.